कुत्र्याला वर्षभर चपळ आणि रमलेले कसे ठेवावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याला रोज किती व्यायाम लागतो?

निरोगी प्रौढ कुत्र्याला दिवसाकाठी साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत हालचाल लागते, आणि या दोन टोकांमधला आपला कुत्रा नेमका कुठे बसतो हे त्याचे वय, जात, वजन आणि प्रकृती यांवर ठरते. गुरे वळण्यासाठी किंवा ओढकामासाठी पिढ्यानपिढ्या जोपासलेल्या बॉर्डर कॉली, जर्मन शेफर्ड, सायबेरियन हस्की अशा जातींना हालचाल जास्त लागते आणि तिच्यासोबत डोके चालवायला कामही लागते. शर्यतीसाठी प्रसिद्ध असलेला ग्रेहाउंड मात्र थोडा वेळ वाऱ्यासारखा धावतो आणि उरलेला दिवस निवांत झोपून काढतो. पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वास घेण्यातच अडचण असल्यामुळे त्यांना एकदम लांब नेण्यापेक्षा थोड्या थोड्या वेळाने, संथपणे फिरवावे.

जातीवरून बांधलेला अंदाज सुरुवातीपुरता उपयोगी पडतो. पुढे आपल्या कुत्र्याकडे पाहूनच ठरवावे लागते, विशेषतः तो मिश्र जातीचा असेल तर. फिरून आल्यावर तो पाणी पिऊन थोड्या वेळात शांत झोपत असेल आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच उत्साहाने निघत असेल, तर प्रमाण योग्य आहे. तो लंगडत असेल, उठताना अडखळत असेल किंवा निघायलाच तयार नसेल, तर प्रमाण जास्त होत आहे किंवा कुठेतरी दुखत आहे. प्रौढ कुत्रा दिवसाचे बारा ते चौदा तास झोपतो, त्यामुळे तो पडून आहे म्हणजे कंटाळलाच आहे असे समजू नये.

लांबवर फिरवून आणले तरी आमचा कुत्रा घरी येऊन धिंगाणा घालतो. असे का होते?

बहुतेक घरांत याचे उत्तर आणखी लांब फिरवण्यात शोधले जाते आणि तिथेच गाडी चुकते. रोज अंतर वाढवत नेले की कुत्र्याचा दमही वाढत जातो; काही आठवड्यांत त्याला तेवढ्याच थकव्यासाठी आणखी मोठा फेरा लागू लागतो. शिवाय आखूड पट्ट्याला बांधून, ठरलेल्या रस्त्याने, भराभर चालवत नेलेल्या कुत्र्याचे पाय चालतात, पण त्याला स्वतःहून काही शोधायला, ठरवायला किंवा सोडवायला मिळत नाही. ती भूक तशीच राहते आणि मग सोफ्याच्या उशा, चपला आणि दाराच्या कडा यांवर भागवली जाते.

याच्या उलट कारणही असू शकते. तासभर एकसारखा चेंडू फेकून धावायला लावलेला कुत्रा इतका उत्तेजित होतो की घरी आल्यावर त्याला शांत होताच येत नाही, आणि अति दमलेल्या लहान मुलासारखा तो चिडचिड करतो. अशा कुत्र्याला आणखी व्यायाम देऊ नये. चेंडूचा खेळ काही फेऱ्यांवर थांबवावा, त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे संथ चालू द्यावे आणि घरी आल्यावर चघळायला किंवा चाटायला काहीतरी द्यावे. चघळणे आणि चाटणे या क्रियांनी कुत्रे निवळतात, हा कुत्रे पाळणाऱ्या अनेकांच्या रोजच्या अनुभवाचा भाग आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की कुत्र्याच्या दिनक्रमात धावणे, हुंगणे, चघळणे, शिकणे आणि विश्रांती या पाचही गोष्टींना जागा हवी. ऋतू बदलला की त्यांचे आपसांतले प्रमाण बदलावे. त्यांपैकी कोणतीही महिनोन्‌महिने बंद पडू देऊ नये.

फिरताना तो दर दोन पावलांवर थांबून हुंगतो. त्याला ओढून पुढे न्यावे का?

नेऊ नये, निदान प्रत्येक वेळी तरी नाही. माणसाच्या नाकात सुमारे पन्नास ते साठ लाख गंधग्राहक असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्यांची संख्या, जातीनुसार, वीस ते तीस कोटींच्या घरात सांगितली जाते. एका खांबापाशी थांबून कुत्रा तिथून कोण गेले, केव्हा गेले, नर होता की मादी अशी कितीतरी माहिती घेत असतो. आपल्याला तो वेळकाढूपणा वाटतो, परंतु त्याच्या दृष्टीने फिरायला जाण्याचा मुख्य हेतूच तो असतो.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळीव कुत्र्यांच्या एका गटाकडून दोन आठवडे वासावरून खाऊ शोधण्याचा सराव करून घेतला गेला आणि दुसऱ्या गटाकडून मालकाच्या पायाशी चालण्याचा. त्यानंतर, खाऊ असेल की नसेल अशा अनिश्चित जागी ठेवलेल्या वाडग्याकडे वास शोधणारे कुत्रे पूर्वीपेक्षा लवकर गेले, तर पायाशी चालणाऱ्या गटात तसा बदल दिसला नाही. अभ्यास लहान होता, तरीही नाकाला काम मिळालेला कुत्रा अधिक आशावादी होतो असे त्यातून सूचित होते.

व्यवहारात याची सोपी सोय करता येते. दिवसातल्या दोन फेऱ्यांपैकी एक कुत्र्याच्या नावाने राखून ठेवावी. त्या फेरीत पट्टा तीन ते पाच मीटर लांबीचा असावा, तो गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती घालायच्या हार्नेसला अडकवावा आणि वाट व वेग कुत्र्याला ठरवू द्यावा. वीस मिनिटांत शंभर मीटर अंतर झाले तरी हरकत नाही. रहदारीच्या ठिकाणी मात्र पट्टा आखूडच हवा, आणि कचरा, उंदरांचे विष किंवा रसायने पडलेली असू शकतील अशा जागी हुंगू देऊ नये.

उन्हाळ्यात काय करावे?

उन्हाळ्याबाबत सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा घाम येतो, पण शरीर थंड करण्याचे मुख्य साधन म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे, आणि जीभ, तोंड व श्वासमार्ग यांवरच्या ओलाव्याचे बाष्पीभवन झाले तरच त्याचा उपयोग होतो. म्हणूनच दमट हवेत, पारा फार चढलेला नसतानाही, कुत्र्याची दमछाक होते. तापमानासोबत हवेतील ओलावाही पाहावा.

फिरण्याच्या वेळा सूर्योदयाच्या आसपास आणि सूर्यास्तानंतर बऱ्याच उशिरा ठेवाव्यात. डांबर आणि फरशी दिवसभराची उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे संध्याकाळी हवा गार वाटली तरी जमीन तापलेली असू शकते. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्या जमिनीवर कुत्र्याला चालवू नये. धावण्याचे खेळ या दिवसांत कमी करावेत आणि त्यांची जागा सावलीतल्या हुंगण्याच्या खेळांनी, उथळ टबातल्या पाण्याने किंवा रबरी खेळण्यात त्याचेच नेहमीचे ओले अन्न भरून, गोठवून द्यायच्या खाऊने भरून काढावी.

बंद गाडीत ठेवलेल्या कुत्र्यालाच उष्माघात होतो, हा समज धोकादायक आहे. उन्हात धावल्याने किंवा खेळल्यानेही तो होतो, आणि उत्साही कुत्रा मालकाच्या आनंदासाठी आपली मर्यादा ओलांडून धावत राहतो. कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान सुमारे ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की अवयवांना इजा होण्याचा धोका असतो. न थांबणारी धाप, घट्ट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, तोल जाणे आणि उलटी ही लक्षणे दिसताच त्याला सावलीत न्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी प्यायला द्यावे आणि मग पशुवैद्याकडे न्यावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत थंड करणे पुढे ढकलू नये. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवल्यास उष्णता आत कोंडते, म्हणून पाणी थेट अंगावर ओतणेच योग्य.

पोहायला नेणे चांगले का?

सांध्यांवर भार न पडता होणारा हा उत्तम व्यायाम आहे, पण प्रत्येक कुत्र्याला पोहता येत नाही. बुलडॉगसारखी जड डोक्याची आणि आखूड पायांची कुत्री सहज बुडू शकतात. सुरुवात उथळ, शांत पाण्यात, जीवरक्षक जाकीट घालून करावी आणि कुत्र्याला कधीही पाण्यात ढकलू नये. साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरवा थर दिसत असेल तर तिथून दूर राहावे, कारण त्यातील विषारी घटकांनी कुत्रे दगावू शकतात. पाण्यातून सतत चेंडू आणायला लावल्यास पोटात जास्त पाणी जाते आणि रक्तातील सोडियम घसरू शकते. हे क्वचित घडते, परंतु गंभीर असते. म्हणून मध्ये मध्ये विश्रांती द्यावी.

दिवसेंदिवस पाऊस पडत असताना घरातल्या घरात त्याला कसे रमवावे?

कुत्र्याला शिकवण्यासाठी पावसाळ्यासारखा काळ नाही, असे मी मानतो. बाहेर जाणे कमी झाल्याची खंत करण्यापेक्षा रोज पाच-पाच मिनिटांचे तीन-चार धडे ठरवून टाकावेत. एक साधी सुरुवात अशी : कुत्र्याला एका खोलीत थांबवावे, दुसऱ्या खोलीत त्याच्या जेवणातले दहा-बारा दाणे सहज दिसतील असे ठेवावेत आणि ‘शोध’ म्हणून त्याला सोडावे. दोन-तीन दिवसांनी ते दाणे खुर्चीच्या पायाआड, सतरंजीच्या घडीत, रिकाम्या खोक्यांत लपवावेत. पुढे खाऊऐवजी एखादे ठरावीक खेळणे शोधायला लावावे. घरातल्या माणसांनी लपून कुत्र्याला हाक मारण्याचा खेळही तितकाच चांगला आहे, कारण त्यातून हाकेला धावून येण्याची सवय नकळत पक्की होते आणि ती बाहेर प्राण वाचवू शकते.

वस्तूंची नावे शिकवणे हा आणखी एक रंगणारा उपक्रम आहे. जॉन पिली या निवृत्त मानसशास्त्र प्राध्यापकांनी चेसर नावाच्या आपल्या बॉर्डर कॉली मादीला एक हजाराहून अधिक खेळणी नावानिशी ओळखायला शिकवले होते आणि त्या कामाचा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढी मजल बहुतेक कुत्र्यांच्या आवाक्यातली नाही. पण दोन-तीन नावे शिकणेही पुष्कळ आहे. एका नावाचा सराव पक्का होईपर्यंत दुसरे घेऊ नये.

जेवण वाडग्यात न देता जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत किंवा कागदाच्या बोळ्यांनी भरलेल्या खोक्यात द्यावे. खोके फाडले तरी चालेल, फाडणे हीदेखील कुत्र्याची गरज आहे. फक्त त्यावरच्या पिना व चिकटपट्ट्या आधी काढाव्यात आणि तो कागद गिळत नाही ना, हे पाहावे. फरशी गुळगुळीत असेल तर चेंडूमागे धावायला लावू नये, कारण घसरून गुडघ्याचे अस्थिबंध दुखावतात. सतरंजी किंवा रबरी चटई अंथरून मगच खेळावे.

पाऊस थांबल्यावर थोडे तरी बाहेर न्यावेच. परत आल्यावर पंजांच्या बोटांमधली जागा कोरडी करावी आणि गोचिडी तपासाव्यात. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या व इतर प्राण्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि हा आजार माणसालाही होतो. त्यामुळे डबक्यातले पाणी पिऊ देऊ नये आणि लसीबद्दल पशुवैद्याला विचारावे. ढगांच्या गडगडाटाला घाबरणाऱ्या कुत्र्याला त्या वेळी खेळायची सक्ती करू नये. त्याला आडोशाची जागा द्यावी आणि तो जवळ आला तर जवळ घ्यावे; धीर दिल्याने भीती वाढते, ही समजूत निराधार आहे.

थंडीत फिरवणे बंद करावे का?

बंद करण्याची गरज सहसा नसते. दाट, दोन थरांचे केस असलेल्या कुत्र्यांना थंडी मानवते आणि याच दिवसांत ते सर्वाधिक खेळतात. आखूड केसांच्या, लहान चणीच्या, सडपातळ, वृद्ध कुत्र्यांना आणि पिल्लांना मात्र अंगावर काही तरी घालावे आणि फेरी आखूड ठेवावी. कुडकुडणे, पंजे उचलून धरणे आणि घराकडे ओढणे या खुणा दिसताच परतावे. बर्फ पडणाऱ्या भागात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ पंजांना झोंबते, म्हणून घरी येताच पंजे कोमट पाण्याने धुवावेत. गाडीच्या रेडिएटरमध्ये वापरले जाणारे, गोठू न देणारे द्रव चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतात, याचीही जाणीव ठेवावी. अंधार लवकर पडत असल्याने पट्ट्यावर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असावी.

कोणती खेळणी घ्यावीत आणि कोणती टाळावीत?

संख्येपेक्षा आलटून-पालटून देण्याला महत्त्व आहे. तीन-चार खेळणी बाहेर ठेवावीत, बाकीची कपाटात ठेवावीत आणि आठवड्याने बदलावीत. जुने खेळणेही पुन्हा नवे वाटते. चेंडू घशात अडकणार नाही इतका मोठा असावा. टेनिसच्या चेंडूचे खरखरीत आवरण सतत चावल्यास दात झिजतात. दोरीच्या खेळण्याचे सुटे धागे गिळले गेले तर आतड्याला गंभीर इजा होते, म्हणून दोरी उसवू लागली की टाकून द्यावी. शिजवलेली हाडे कधीच देऊ नयेत, आणि नखाने दाबल्यावर अजिबात खळगा न पडणारी कठीण वस्तू चघळायला दिल्यास दात तुटू शकतो.

काठी फेकण्याचा खेळ अनेकांचा आवडता असला तरी धावताना काठीचे टोक तोंडात किंवा घशात घुसून झालेल्या जखमा फार वाईट असतात. काठीऐवजी मऊ रबरी खेळणे वापरावे. लेझरच्या ठिपक्यामागे कुत्र्याला पळवणे तर पूर्णपणे टाळावे. तो ठिपका कधीच तोंडात येत नाही, शिकार पूर्ण होत नाही, आणि काही कुत्र्यांना पुढे सावल्या व प्रकाशाचे कवडसे यांच्यामागे तासन्‌तास धावण्याचे वेड लागते. हे वेड लागायला वेळ लागत नाही, पण ते सोडवणे अतिशय कठीण असते.

रस्सीखेच खेळल्याने कुत्रा आक्रमक किंवा वरचढ होतो का?

नाही. गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांवरच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कुत्र्यांना रस्सीखेचेत वारंवार जिंकू दिले गेले, तरी ती मालकावर वरचढ झाल्याचे दिसले नाही. ‘सोड’ हा शब्द आधी शिकवावा, दोरी वर-खाली न हिसडता आडवी ओढावी आणि कुत्र्याला जिंकू द्यावे. पिल्लांचे दात पडण्याच्या वयात फार जोर लावू नये.

इतका खाऊ वापरला तर वजन वाढणार नाही का?

खाऊतून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. त्याहून सोपे म्हणजे सकाळीच दिवसाचे अन्न मोजून घ्यावे आणि खेळांसाठी त्यातलेच वापरावे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड घटक) घातलेले पदार्थ कुत्र्यांना विषारी असतात.

आम्ही दिवसभर कामावर असतो. एकट्या कुत्र्यासाठी काय करता येईल?

निघण्यापूर्वी अर्धा तास हुंगण्याची फेरी आणि निघताना अन्न भरलेले खेळणे, एवढ्याने बराच फरक पडतो. शक्य असल्यास दुपारी कोणीतरी येऊन त्याला बाहेर नेईल अशी व्यवस्था करावी, कारण आठ-दहा तास सलग एकटे राहणे प्रौढ कुत्र्यालाही जड जाते.

मात्र कंटाळा आणि विरहाची भीती यांत फरक करायला हवा. कंटाळलेला कुत्रा सहसा काही वेळ झोपून मग उचापती सुरू करतो. भ्यालेला कुत्रा मालक गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच भुंकू, रडू किंवा दार ओरबाडू लागतो, लाळ गाळतो आणि आवडता खाऊही तोंडात घेत नाही. मोबाइल लावून चित्रण केले की हे कळते. भीतीवर खेळणी हा उपाय नाही आणि शिक्षा तर मुळीच नाही. त्यासाठी पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ यांचे मार्गदर्शन घ्यावे.

पिल्लाला किती खेळवावे?

पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपू शकते, आणि सतत चावणारे, उधळणारे पिल्लू बहुधा झोपेला आलेले असते. हाडांच्या टोकांची वाढ लहान जातींत वर्षाच्या आत, तर मोठ्या जातींत बारा ते अठरा महिन्यांपर्यंत चालू असते. तोपर्यंत लांबवर पळवणे, जिने चढवणे-उतरवणे आणि उंचावरून उड्या मारायला लावणे टाळावे. मऊ जमिनीवर स्वतःच्या मर्जीने केलेला दंगा चालतो. साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लाचे मन नवे आवाज, माणसे आणि पृष्ठभाग सहज स्वीकारते. लसीकरण पूर्ण झालेले नसेल तर कडेवर घेऊन का होईना, त्याला जग दाखवावे.

इतर कुत्र्यांशी खेळणे आवश्यक आहे का?

काहींना ते मनापासून आवडते. अनेक प्रौढ कुत्र्यांना एक-दोन ओळखीचे सोबती पुरतात आणि त्यात काही वावगे नाही. खेळ निरोगी असेल तर पुढचे पाय टेकवून मागचा भाग उचलण्याची खूण दिसते, पाठलाग करणारा आणि पळणारा यांची अदलाबदल होते आणि मध्ये मध्ये दोघेही आपणहून थांबतात. एक कुत्रा सतत लपत असेल किंवा शेपूट पायांत घालत असेल, तर त्यांना वेगळे करावे. शंका आल्यास दांडगट कुत्र्याला क्षणभर धरून ठेवावे. दुसरा पुन्हा त्याच्याकडे आला तर खेळ दोघांना हवा आहे.

वृद्ध किंवा बरेच दिवस हालचाल बंद असलेल्या कुत्र्याला पुन्हा कसे सुरू करावे?

प्रथम पशुवैद्याकडून हृदय, सांधे आणि वजन तपासून घ्यावे. ‘वय झाले’ म्हणून सोडून दिलेले मंदावणे पुष्कळदा सांधेदुखीमुळे असते आणि तिच्यावर औषधे आहेत. दहा मिनिटांच्या दोन-तीन सपाट फेऱ्यांनी सुरुवात करावी, दर आठवड्याला काही मिनिटे वाढवावीत आणि दुसऱ्या दिवशी अंग आखडलेले दिसले तर मागच्या टप्प्यावर परत यावे. आठवडाभर काही नाही आणि सुट्टीच्या दिवशी एकदम डोंगर चढणे, हा प्रकार सांध्यांना सर्वाधिक बाधतो.

दृष्टी आणि श्रवण मंदावले तरी नाक बरेच टिकून राहते, म्हणून हुंगण्याचे खेळ अखेरपर्यंत चालू ठेवता येतात. फक्त खाऊ खाली वाकावे लागणार नाही अशा उंचीवर लपवावा. रात्री अकारण फिरणे, ओळखीच्या खोलीत कोपऱ्यात अडकून उभे राहणे किंवा शिकवलेल्या सवयी विसरणे असे काही दिसू लागले, तर ते मेंदूच्या वार्धक्यजन्य आजाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी ते कधी सुरू झाले आणि किती वेळा घडते याची नोंद ठेवून ती पशुवैद्याला दाखवावी.